रुमालाखालची दोन वर्षे

संदर्भ :

१) निळ्या काठाचा पांढरा रुमाल. धुवून धुवून मऊ झालेला.

२) उदगीर ते नांदेड एस.टी., कंधारमार्गे. खिडकीची काच मध्येच अडकते.

३) ओला रंग. हात लावू नये.

४) सोयाबीन आले की बघू.

५) माझ्या उजव्या हाताची दोन बोटे, मधले आणि त्याच्या शेजारचे.

६) आपल्या कार्यालयाचे पत्र. जावक क्रमांकावर शिक्का बसल्यामुळे तो इथे देता येत नाही.

(संदर्भ विषयाच्या खाली लिहितात हे मला माहीत आहे. मागच्या दोन्ही अर्जांत तसेच लिहिले होते. दोन्ही अर्ज परत आले. म्हणून या वेळी आधी लिहिले.)

प्रति,
मा. उपकुलसचिव (प्रवेश विभाग),
गोदातीर अभिमत विद्यापीठ,
नांदेड.
मार्फत : खिडकी क्रमांक चार.

अर्जदार : कु. शिवकन्या पंचाक्षरी शेटकार, मोंढा रोड, उदगीर, जि. लातूर.
पालकाचा व्यवसाय : भुसार मालाची आडत.
दुकानाचे नाव (मागील अर्जानंतर बदलले असल्यास) : बदलले आहे. शेवटी लिहिते.

विषय : एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र या अभ्यासक्रमाचा माझा प्रवेश अर्ज आर्थिक अनिश्चिततेमुळे मागे घेण्याबाबत, मूळ कागदपत्रे परत मिळण्याबाबत, आणि हे सर्व माझ्या एकटीच्या सहीवर होण्याबाबत.

महोदय किंवा महोदया (आपल्या दारावरची पाटी रंगवायला काढलेली होती),

१. सविनय सादर करते की, आपल्या विद्यापीठाच्या पहिल्या गुणवत्ता यादीत माझे नाव आहे. जागा निश्चितीची रक्कम मी मुदतीत भरली आहे. ती मी नववी-दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन जमवली होती. माझी टी.सी., पदवीचे गुणपत्रक आणि स्थलांतर प्रमाणपत्र आपल्याकडे जमा आहेत. वसतिगृहाची खोलीही मी बघून आले. तिच्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. ही शेवटची बाब अर्जाला आवश्यक नाही. पण मी तिथे उभी राहून पलंग कुठल्या भिंतीला लावायचा ते ठरवले होते, म्हणून लिहिली.

२. हा माझा तिसरा अर्ज आहे. आपल्या पोर्टलवर प्रवेश सोडण्याची तीनच कारणे आहेत. पहिल्या वेळी मी ‘आर्थिक अडचण’ निवडली. त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखला गेल्या वर्षीच्या एकत्र दुकानाचा निघाला आणि त्यावरून मी सधन ठरले. दुसऱ्या वेळी ‘कौटुंबिक कारण’ निवडले. त्याला मृत्यूचा दाखला किंवा लग्नपत्रिका लागते. तिसरे कारण ‘इतरत्र प्रवेश’. त्यासाठी इतरत्र प्रवेश घ्यावा लागतो, आणि तो घ्यायला टी.सी. लागते, जी आपल्याकडे आहे. खिडकी क्रमांक चारवरील श्री. संघपाल यांनी मला सहानुभूतीने सांगितले, “ताई, तिन्हीपैकी एक घ्या अन् मोकळ्या व्हा. खरं कारण कोन लिहितं इथं?” त्यांच्याविषयी माझी कोणतीही तक्रार नाही. खरे कारण लिहायला हा अर्ज हाताने लिहीत आहे.

३. खरे कारण समजण्यासाठी आमच्या घरची पद्धत सांगणे भाग आहे. मोंढ्यातले आमचे आडत दुकान माझे वडील पंचाक्षरी, ज्यांना मी अण्णा म्हणते, आणि त्यांचे थोरले भाऊ गुरुपादप्पा, म्हणजे मोठेअप्पा, या दोघांचे एकत्र होते. गल्ला एक आणि चूल एक. शिक्षणाचा किंवा लग्नाचा मोठा खर्च एका वेळी एकाच लेकराचा निघायचा. त्याला आम्ही पाळी म्हणतो. पाळी कुणाची, हे रुमालाखाली ठरायचे.

मोंढ्यात आता लिलाव उघड्यावर होतात. पण जनावरांच्या बाजारात अजून दोघे जण हातावर रुमाल टाकतात आणि आत एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवतात. बघणाऱ्याला आकडा कळत नाही. आमच्या घराने ही पद्धत दुकानाच्या गादीवर जपली. रुमालाखाली ठरलेले तोंडाने बोलायचे नाही आणि मोडायचे नाही, एवढेच तिचे नियम, अशी माझी समजूत होती.

माझी बारावी झाली तेव्हा पाळी माझी होती. नांदेडला बी.एस्सी.साठी माझे नाव लागले होते. त्याच वर्षी माझा चुलतभाऊ विरूपाक्ष याला वैद्यकीय प्रवेश परीक्षा पुन्हा द्यायची होती आणि त्यासाठी वर्षभर लातूरला क्लास लावून राहायचे होते. मोठेअप्पांनी मला गादीवर बोलावले. तोपर्यंत आमच्या घरातल्या कुठल्याही मुलीचा हात रुमालाखाली गेला नव्हता. ते म्हणाले, “ये गं, व्यापाऱ्याची हायस का न्हाईस बघू.” खांद्यावरचा निळ्या काठाचा रुमाल आमच्या हातांवर पडला. आत त्यांनी माझी दोन बोटे दाबली. आत्ता विरूला जाऊ दे, एम.एस्सी.ची दोन वर्षे तुझी, असा त्याचा अर्थ. मी त्यांचा अंगठा दाबला, म्हणजे मंजूर. अण्णा शेजारीच बसून मुगाचा नमुना तळहातावर पसरत होते. माझी आई शिवम्मा, जिला आम्ही अव्वा म्हणतो, आतून म्हणाली, “पोरीला सौदा शिकवून राहिलेत का?” मोठेअप्पा म्हणाले, “शिकवून न्हाई, करून राहिलो.”

मी उदगीरच्याच महाविद्यालयात घरून येऊन-जाऊन बी.एस्सी. केली. प्रयोगशाळेतला चांगला सूक्ष्मदर्शक सरांच्या कपाटात असायचा आणि तपासणी समिती आली की बाहेर निघायचा. मी कुरकुर केली नाही. माझी दोन वर्षे ठेवलेली होती.

४.

५. यंदा पाडव्यानंतर भावांची वाटणी झाली. भांडण नव्हते. मुले मोठी झाली, दोन सुनांच्या दोन तऱ्हा, एवढेच. मोंढ्यातले दोन जुने पंच बसले. त्यांतले सटवाजीराव हे बिलोलीकडचे, आजोबांच्या काळापासूनचे आमचे गिऱ्हाईक. काटा, ताडपत्र्या, उधारी, गादीमागचा बसवेश्वरांचा फोटो, सगळे शांतपणे वाटले गेले. मी पन्हे घेऊन ये-जा करत होते. शेवटी गाळ्याचे दोन भाग उरले. एकाचे शटर मोंढा रस्त्यावर उघडते, दुसऱ्याचे मागच्या बोळात. रस्त्याकडे गिऱ्हाईक आपण होऊन येते. बोळात ते बोलावून आणावे लागते.

हे भावांनी पंचांवर सोडले नाही. दोघांनी हातावर रुमाल टाकला. पंचांनी मान दुसरीकडे वळवली, तशी रीत आहे. रुमालाखाली बराच वेळ गेला. तो उचलला तेव्हा रस्त्याकडचे शटर अण्णांचे झाले होते. सटवाजीराव मोठेअप्पांना म्हणाले, “थोरले असून बोळात बसनार का तुमी?” मोठेअप्पा म्हणाले, “बसतो की. बोळात सावली असती.” सगळे हसले. मीही हसले. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता, हे इथे नोंदवते. मला वाटले, रस्त्याकडचे दुकानही आमचे आणि माझी दोन वर्षेही माझी.

६. त्यानंतर आपल्या विद्यापीठाची यादी लागली. मी अण्णांना दाखवली. त्यांनी पेढे आणले. शुल्काचे विचारले तर म्हणाले, “सोयाबीन आलं की बघू.” सोयाबीन दिवाळीच्या तोंडावर येते आणि आपली मुदत ऑगस्टमध्ये संपते, हे मी सांगितले. ते म्हणाले, “बघू म्हनलो ना.” मोठेअप्पांचे नाव काढले तर म्हणाले, “त्यांना इचारू नको. आता घर येगळं झालं, बरं दिसत न्हाई.” त्यावरून मी समजले की मोठेअप्पांनी सौदा मोडला आहे आणि अण्णा भावाची अब्रू झाकत आहेत. मी मोठेअप्पांशी बोलणे बंद केले. ते बोळातून जाताना मान खाली घालायचे. मला तो पुरावा वाटला.

महोदय, आमच्या घरात पैसे नाहीत असे नाही. पैसे आहेत असेही नाही. नवीन दुकानात माल भरला आहे, काटा घेतला आहे, शटर रंगवले आहे. अण्णा ‘नाही’ म्हणत नाहीत. ‘नाही’ म्हटले असते तर मी तेच कारण लिहून केव्हाच मोकळी झाले असते. ते ‘बघू’ म्हणतात. ‘बघू’साठी आपल्या पोर्टलवर कारण नाही. विषयाच्या ओळीत मी ‘आर्थिक अनिश्चितता’ लिहिले आहे, ते ‘बघू’चेच शासकीय भाषांतर समजावे.

दुसऱ्या अर्जावर आपल्या कार्यालयाने लग्नपत्रिका मागितल्याचे घरी सांगितले, तेव्हा अण्णा हसून म्हणाले, “मंग छापून घेऊ की. निलंग्याचं स्थळ हायच.” अव्वा हसली नाही. ती म्हणाली, “शटर रंगवायला येळ मिळाला, पोरीच्या फीचं बगायला न्हाई.” अण्णा म्हणाले, “तू गप बस, तुला धंद्यातलं कळत न्हाई.”

याच वेळी मी माघारीचा छापील नमुना घरी आणला. त्यात ‘पालकाची संमती व स्वाक्षरी’ असा रकाना आहे. जो माणूस तीन महिने हो किंवा नाही म्हणाला नव्हता, त्याने चष्मासुद्धा न शोधता पेन उघडले आणि सही केली. वर सल्ला दिला, “जवळच्या कालेजात घाल नाव. घरचं खाऊन शिक.” ती सही बघून मला पहिल्यांदा काहीतरी खटकले. पण तेव्हाही माझा राग मोठेअप्पांवरच होता, आणि दुसऱ्या दिवशी मी बोळातल्या दुकानात गेले.

७. श्रावणातला सोमवार होता. मोठेअप्पा उपाशी होते, कपाळावर विभूती होती. विरूपाक्ष सुट्टीवर आला होता आणि पोत्यावर बसून फोन बघत होता. मी उभ्यानेच बोलले. परक्या माणसाचा सौदा तुम्ही कधी मोडला नाही, घरच्या मुलीचा मोडला, असे म्हणाले. तुमचा मुलगा माझ्या वर्षांवर डॉक्टर होतोय, असेही म्हणाले. विरूपाक्ष उठला. “शिवक्का, बस तरी आधी.” मोठेअप्पा त्याला म्हणाले, “विरू, तू भाईर जा. चहा सांग हिच्यासाठी.” तो गेला. मोठेअप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढला.

४. (वर मोकळा सोडलेला. हेच अर्जाचे कारण आहे. तिथे लिहिता आले नाही.)

रुमाल तोच होता. त्यांनी माझा उजवा हात घेतला, वर रुमाल टाकला आणि आत माझी दोन बोटे दाबली, मधले आणि त्याच्या शेजारचे, तितक्याच जोराने. मग हात तसाच धरून ते तोंडाने बोलले, जे आमच्या पद्धतीत बसत नाही.

“म्या दोन धरले व्हते. वाटणीतबी धरले. तुझ्या अण्णाला म्हनलो, रस्त्याकडचं मला ठिव, पोरीची दोन वर्सं माझ्याकडं लागली. न्हाईतर रस्त्याकडचं तू घे, मंग पोरीचंबी तूच बघ. पंचाक्षरीनं तुझी दोन बोटं सोडली अन् शटर धरलं. म्या दोनदा धरून बगितले. त्यानं दोनदा सोडले.”

मी म्हणाले, तो हात माझा होता. सौदा मी केला होता.

ते म्हणाले, “लगीन होईस्तोर लेकीचा हात बापाच्या हातात धरत्यात, माय. तुला ठाऊक असंल वाटलं.”

मला ठाऊक नव्हते. माझ्याआधी घरातल्या कुणा मुलीचा हात रुमालाखाली गेलाच नव्हता, त्यामुळे हा नियम कुणाला सांगण्याची वेळ आली नव्हती. माझी चूक एवढीच की जो हात मी आत घातला तो मी माझा समजले.

मोठेअप्पांवर मी मनात ठेवलेला आरोप या अर्जाद्वारे मागे घेते. पूर्ण नाही, निम्मा. सौदा त्यांनी मोडला नाही हे खरे. पण तो सुटला हेही त्यांनी मला सांगितले नाही, कारण रुमालाखालचे बोलायचे नसते. पद्धत त्यांनी पाळली, आणि मी पाडव्यापासून श्रावणापर्यंत पलंग कुठल्या भिंतीला लावायचा याचा विचार करत राहिले.

चहा आला तेव्हा तो पिण्यासारखा राहिला नव्हता. विरूपाक्ष म्हणाला, “मी बोलू का काकांशी?” मी नको म्हणाले. त्याचा यात दोष नाही, आणि म्हणूनच मला त्याच्याकडे बघवत नव्हते.

घरी येऊन मी अण्णांना विचारले. ते नाकारतील असे वाटले होते. नाकारले असते तर बरे झाले असते. ते नव्या काट्यावर वजने मांडत होते. म्हणाले, “मंग कुनासाठी करून राहिलो हे समदं?” आणि थोड्या वेळाने, “दोन वर्सांनी तू निघून जाशील. शटर जागेवर ऱ्हाईल.” हे त्यांनी रागाने म्हटले नाही. समजावून सांगताना ते ज्या आवाजात बोलतात, त्याच आवाजात म्हटले. लहानपणी त्याच आवाजात त्यांनी मला मुगातला खडा ओळखायला शिकवला होता.

८. आता विनंती.

माघारीच्या नमुन्यावर पालकाची स्वाक्षरी असल्याशिवाय कागदपत्रे देता येत नाहीत, असे आपल्या पत्रात म्हटले आहे. श्री. संघपाल यांनीही विचारले, “वडलांची सही झालेली हाय तर लावा ना. कशाला तिढा?” तिढा पुढीलप्रमाणे आहे. मी सज्ञान आहे. मी मतदान केले आहे. जागा निश्चितीची रक्कम माझ्या खात्यातून माझ्या सहीने भरली, तेव्हा आपल्या कार्यालयाने पालकाला विचारले नव्हते. पैसे घेताना माझा हात माझा होता. सोडताना तो वडिलांचा झाला. आपल्या विद्यापीठाचा नियम आणि आमच्या गादीवरचा नियम एकच आहे, आपला फक्त छापील आहे.

अण्णांनी सही केलेला नमुना माझ्याकडे आहे. तो जोडलेला नाही आणि जोडणार नाही.

मुदतीत हा अर्ज मंजूर न झाल्यास माझी रक्कम बुडेल, टी.सी. अडकेल आणि उदगीरला तरी नाव घालायचे तेही राहील, याची मला कल्पना आहे. अव्वा म्हणते, हट्ट कुणाला दाखवून राहिलीस, नुकसान तुझंच हाय. तिचे बरोबर आहे. तरीसुद्धा, एकदा माझ्या वतीने माझी दोन वर्षे सोडली गेली आणि मला ते कळले नाही. ही जागा सोडायची तर ती मी सोडेन. निदान जे माझे जाणार आहे ते माझ्या हातून जावे.

तरी, प्रवेश यादीतून माझे नाव कमी करावे. माझ्यानंतरच्या विद्यार्थ्याला जागा द्यावी. शक्य असल्यास त्याला किंवा तिला सांगावे की पाण्याच्या टाकीसमोरच्या खोलीत पलंग दाराकडच्या भिंतीला लावला तर उजेड वहीवर पडतो. कारणाच्या रकान्यात काही लिहिणे बंधनकारक असेल तर परिच्छेद चार आहे तसा डकवावा. आणि कागदपत्रे टपालाने घरी पाठवू नयेत. टपाल दुकानावर येते. मी स्वतः येऊन सही करून घेऊन जाईन, कंधारमार्गे एस.टी. असते.

आपली विश्वासू (हा शब्द छापील नमुन्यात आधीच असतो, त्यामुळे ठेवला आहे),

शिवकन्या पंचाक्षरी शेटकार
पालकाची स्वाक्षरी : लागू नाही.

उदगीर
दिनांक १९ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) मतदार ओळखपत्राची प्रत.
२) जागा निश्चितीची पावती, माझ्या खात्याची.
३) मागील दोन अर्ज, परत आलेले, आपल्या शेऱ्यांसह.
४) रुमाल जोडता आला नाही. तो मोठेअप्पांकडे आहे.

दुकानाचे नवीन नाव (वर ‘शेवटी लिहिते’ म्हटले होते ते) : शिवकन्या ट्रेडिंग कंपनी.